नंदा, आधी व्याख्या की आधी वाटा?

नंदा,

परवा तुझ्या शोकसभेला कॉलेजच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नव्हती, आणि पहिल्या रांगेत बसून मला तुझा हेवा वाटत होता. रडू येत होतं हेही खरं. पण आधी हेवा आला, मग रडू. तू गेलीस तरी हा क्रम काही बदलला नाही.

कोण कोण आलं होतं सांगू? दिवा गावाहून तुझी एक जुनी बॅच अख्खी आली होती. त्यातल्या एकाचं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, गणिताशी काडीचा संबंध उरलेला नाही. त्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "मी थर्ड इयरला मॅथ्स सोडून दिलेलं. पण मॅडमचं लेक्चर कधी सोडलं नाही. दुसऱ्या विषयाचा पोरगा म्हणून मागे जाऊन बसायचो." लोक हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले. मी मात्र माझे विद्यार्थी आठवत बसले. माझ्या हाताखालून विद्यापीठात वर आलेली मुलं गेली आहेत, परदेशात शिकवताहेत. त्यातलं एखादं माझ्यासाठी दुकानाचं शटर पाडून येईल का?

तुझ्या अक्षराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण फळ्याबद्दल बोलायला काय हरकत होती? तुझ्या नंतरच्या तासाला मी वर्गात यायचे तेव्हा फळ्यावर एक रणांगण असायचं. ग्रीक अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, बाण कुठून निघाले आणि कुठे गेले याचा पत्ता नाही. मी डस्टर उचलला की पोरं ओरडायची, "मॅडम, थांबा, फोटो काढतो!" माझा फळा डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ, छापल्यासारखा. त्याचा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

आणि एमएस्सीला नंबर माझा आला होता, नंदा. हे मी परवा बोलले नाही, पण मनात होतं. आपण एका बाकावर बसायचो. मी उत्तर काढून पेन बंद करायचे तेव्हा तू प्रश्न परत वाचत असायचीस. "मंजू, थांब ना गं, सांगू नकोस," असं म्हणून वहीवर हात आडवा धरायचीस. मला ते मंदपणाचं लक्षण वाटायचं. मग आपण दोघी योगायोगानं एकाच कॉलेजात लागलो, एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोरच्या टेबलांवर उभं आयुष्य गेलं, आणि सेकंड इयरचं कॅल्क्युलस आपल्यात वाटून आलं. तिथपासून आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. आता मिटवायला तू नाहीस, म्हणून माझी बाजू निदान नीट मांडून ठेवते.

एका व्हेरिएबलचं लिमिट काढायचं तर रस्ते दोनच. डावीकडून या, नाहीतर उजवीकडून या. दोन्हीकडून एकाच उत्तरापाशी पोचलात की झालं. दोन व्हेरिएबल आले की मात्र सगळं मैदान उघडं पडतं. त्या बिंदूपाशी सरळ या, तिरके या, गोल गोल फिरत या, वाटांना अंत नाही. आणि कुठल्याही वाटेनं आलं तरी उत्तर एकच हवं, तर लिमिट आहे. माझं म्हणणं असं की पोरांना आधी व्याख्या सांगावी. एप्सिलॉन, डेल्टा. लिमिटच्या इतकं जवळचं उत्तर हवं असेल तर त्या बिंदूभोवती एवढं वर्तुळ आखा, तो बिंदू सोडून आतल्या सगळ्या जागी ते मिळेल. यात वाट हा शब्दच येत नाही, म्हणून घोटाळाही होत नाही. तू आधी वाटाच दाखवायचीस.

"भुकेल्या माणसाला तू आधी ताटाची व्याख्या सांगतेस," तू मला म्हणायचीस.

"आणि तू पोट बिघडेल असं वाढतेस."

"बिघडू दे की. मग येतात माझ्याकडे ओवा मागायला."

तू त्यांना दोन व्हेरिएबलचं फंक्शन कसं शिकवायचीस ते मी एकदा बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून ऐकलं आहे. तुझा आवाज पार जिन्यापर्यंत यायचा, त्यामुळे चोरून ऐकलं असंही म्हणता येणार नाही. तू विचारलंस, "दिव्यात नळाला पाणी किती येतं, हे कशावर ठरतं?" वर्गातली निम्मी पोरं दिव्याची. "टायमावर!" कुणीतरी ओरडलं. "मजल्यावर!" दुसरा. आणि मागून एक पोरगी, "मॅडम, सेक्रेटरीवर!" वर्ग कोसळला. तू हसू ओसरू दिलंस आणि म्हणालीस, "छान. तीन व्हेरिएबलचं फंक्शन झालं. सेक्रेटरी कॉन्स्टंट धरू या, तो काही बदलत नाही." मी हे उदाहरण पुढच्या वर्षी माझ्या तुकडीला दिलं. शब्दन् शब्द दिलं. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

आणि ते तारांचं झाड! वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून तू ते करून आणलंस. मधे एक उभी दांडी, तिला चहूबाजूंनी आडव्या सरळ तारा जोडलेल्या, प्रत्येक तार थोड्या वेगळ्या उंचीवर. जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या आणि परत उतरणाऱ्या. पोरांनी एकेका तारेवर बोट ठेवून दांडीकडे सरकवत न्यायचं. प्रत्येकाचं बोट दांडीला टेकायचं, पण वेगळ्या उंचीवर. "आता सांगा, दांडीपाशी उंची किती?" तू विचारायचीस. पोरं एकमेकांच्या बोटांकडे बघायची. मग कुणीतरी म्हणायचं, "सांगताच येणार नाही, मॅडम. कुठून आलो त्यावर आहे." झालं. लिमिट नाही, हे त्यांना बोटातून कळलेलं असायचं. मला ते समजावून सांगायला दोन फळे लागायचे.

माझी तक्रार ऐक. त्या सगळ्या तारा सरळ होत्या. तुझी पोरं असं समजून बसायची की सगळ्या सरळ रेषांवरून उत्तर एक आलं की लिमिट सापडलं. हे चूक आहे, घातक चूक आहे, आणि मी तुला ती कितीदा सांगितली. तू "हो गं" म्हणायचीस आणि डबा उघडायचीस.

हे सगळं स्टाफरूमपुरतं राहिलं असतं, तर आज मी तुला एवढं मोठं लिहीत बसले नसते. पण मग केतकी आली मधे.

माझी मुलगी, आणि तिला इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी गणितात केटी लागली, पेपर परत द्यायची वेळ आली. गणिताच्या बाईंची मुलगी! आमच्या कोपरीच्या सोसायटीत मला लिफ्टमध्ये कुणाकडे बघवेना. मी तिला जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू सांगतेस ते सगळं बरोबर असतं. पण तू सांगितलंस की मला काही करायलाच उरत नाही." मला ते उद्धटपणाचं वाटलं. मी रागानं म्हटलं, "मग जा तुझ्या नंदामावशीकडे."

गेली की! दर रविवारी डोंबिवलीला, तुझ्या घरी. सकाळी जायची ती दुपार टळल्यावर यायची. पहिल्या रविवारी आली ती पापड दाखवत. भाजताना वेडावाकडा फुगलेला पापड तू तिला दिला होतास. "आई, बघ, इथून बोट नेलं तर उतार आहे, इथून नेलं तर चढ आहे, आणि मधला बिंदू एकच!" माझ्याच पोरीनं मला घोड्याच्या खोगिराचा आकार शिकवला, जो मी कित्येक वर्षं फळ्यावर काढत होते. मी म्हटलं, "हो, सॅडल पॉइंट." तिचं तोंड उतरलं. तिनं पापड खाऊन टाकला.

मी तुला स्टाफरूममध्ये विचारलं, "काय सांगतेस गं तिला?"

"अगं, तू सांगतेस तेच."

याच्याइतकं वाईट उत्तर तू मला कधी दिलं नसशील.

मग एकदा मी संधी साधली. केतकीला मी एक फंक्शन दिलं, माझं लाडकं. ती भराभर कामाला लागली. एक्स अक्षावरून आली, शून्य. वाय अक्षावरून, शून्य. सगळ्या सरळ रेषा एका झटक्यात घेतल्या, शून्य. मान वर करून म्हणाली, "लिमिट शून्य." मला, खरं सांगते, आनंद झाला. मी उठून बाल्कनीत गेले आणि तुला फोन लावला. "बघ! पडली की नाही खड्ड्यात? हे तुझ्या सरळ तारांमुळे."

तू विचारलंस, "सांगितलंस तिला?"

"अजून नाही."

"मग नको सांगूस. फक्त म्हण, चूक आहे. रविवारपर्यंत कळ काढ, मंजू. एवढं माझं ऐक."

काढली कळ. कशी काढली ते माझं मला माहीत. आठवडाभर ती पोरगी डोकं खाजवत घरभर फिरत होती, दात घासताना फिरत होती, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. रविवारी तुझा फोन आला, "ये लवकर, बघ तुझ्या लेकीनं काय केलंय!" मी साडी बदलून, स्टेशन गाठून, डोंबिवलीला उतरून तुझे जिने चढले तोवर सगळं होऊन गेलं होतं. सरळ रेषा सोडून ती पॅराबोलाच्या वाकड्या वाटेनं आली होती आणि शून्याऐवजी एक छेद दोन हाताला लागलं होतं. तुझी वहिनी सांगत होती की ही एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचे बघायला आले. ती आरोळी मी ऐकली नाही. गणित मी दिलेलं, पोरगी माझी, आणि आरोळी तुझ्या घरात.

त्याच दिवशी तू स्वयंपाकघरात चहा टाकत होतीस. मी ओट्याला टेकून उभी होते. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "तुला माझा राग येतो ना गं? केतकीवरून?"

"छे, काहीतरीच काय."

"येऊ दे. पण तिला पाठवत जा."

मी विषय बदलला. आलं किसलंस का, असं काहीतरी विचारलं. तेव्हा द्यायचं उत्तर आज देते. हो, राग यायचा. पुढे तर फारच आला. तिनं इंजिनीअरिंग सोडून गणित घ्यायचं ठरवलं, हेही तुला आधी कळलं. ती पुण्याला संशोधनाला गेली तेव्हा तिच्या पहिल्या सेमिनारला तू होतीस, कारण तिनं तुला बोलावलं होतं. मला म्हणाली, "आई, तू आलीस की मला टेन्शन येतं." तू परत आल्यावर मला सगळं हौसेनं सांगत बसलीस, ती कुठे अडखळली, कशी सावरली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पुरे गं, पुरे.

पाठवत मात्र राहिले. तेवढं माझ्या खात्यावर मांड.

तू आजारी पडलीस तेही तुझ्या पद्धतीनं, गाजावाजा न करता. पाठ दुखते म्हणून रजा घेतलीस आणि मग ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखल केलं असं तुझ्या वहिनीनं फोनवर सांगितलं. मी रोज यायचे, कोपरीहून जवळच होतं. शेवटच्या आठवड्यात केतकी पुण्याहून आली. दुपारची भेटायची वेळ. एका वेळी एकच माणूस आत सोडत होते. तू म्हणालीस, "केतकीला पाठव."

मी बाहेर बाकावर तुझ्या वहिनीशेजारी बसले. दाराच्या काचेतून दिसत होतं. केतकी तुझ्या उशाशी वाकली होती, हवेत बोटानं काहीतरी काढून दाखवत होती, आणि तू नळ्या लावलेल्या हातानं तिचं बोट धरून दुसरीकडे वळवत होतीस. दोघी हसत होतात. वहिनी म्हणाल्या, "या दोघी भेटल्या की जगाचं भान राहत नाही." मी हो म्हटलं. आणि तिथे बसून मला पहिल्यांदा असं काही जाणवलं की मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझी मुलगी नेलीस. त्या बाकावर मला केतकीचा राग येत होता. अगं, तू आधी माझी होतीस. बाकावर शेजारी मी बसायचे. वहीवर आडवा हात तू माझ्यासमोर धरायचीस. तिचा जन्म व्हायच्या आधीपासून तुझ्याशी भांडायचा हक्क माझा होता, आणि आता तू थोडीच उरली होतीस, तर तीही तिला देत होतीस.

हे मी कुणाला सांगणार? वहिनींना विचारलं, चहा घेणार का?

मग मी आत आले. तू दमली होतीस. डोळे मिटूनच म्हणालीस, "पोरांचं लिमिट झालंय. कंटिन्युइटी राहिलीय. तू घे ना वर्ग."

"घेते. पण मी आधी व्याख्या सांगणार हं."

"सांग की."

मी वाट बघितली. ताटाबद्दल काहीतरी बोलशील, निदान एक डोळा उघडशील.  तू भांडली नाहीस, नंदा. डॉक्टर जे आडवळणानं सांगत होते ते मला तेव्हा सरळ कळलं.

आज तुझा वर्ग घेतला. आत शिरले तर सगळे उभे राहिले आणि खाली बसेनात. मला दोनदा "बसा" म्हणावं लागलं. मग मी खडू उचलला आणि फळ्यावर व्याख्या लिहिली. लिमिट आहे, त्या बिंदूपाशी फंक्शनला किंमत आहे, आणि दोन्ही एकच आहेत, तर ते तिथे कंटिन्युअस, नाहीतर तुटलेलं. खाली तशा तुटणाऱ्या फंक्शनचं एक उदाहरण. डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ. त्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. तास संपला. मला वाटलं, झालं, सुटले.

तर प्राची नावाची मुलगी थांबली. बारीकशी, चष्म्याची, दिव्याहून येते. वही छातीशी धरून म्हणाली, "मॅडम, एक डाउट आहे. एक्स धरून ठेवला तर वायमध्ये फंक्शन कुठे तुटत नाही. वाय धरून ठेवला तर एक्समध्ये तुटत नाही. मग दोन्ही मिळून कसं काय तुटतं?"

सुंदर प्रश्न. तूही खूश झाली असतीस. मी तिला लगेच फळ्यावर दाखवलं. फक्त एक्स किंवा फक्त वाय हलवलास तर तू दोनच रस्त्यांवरून चालते आहेस, मधून तिरकी ये, म्हणजे उत्तर वेगळं येतं. अगदी स्वच्छ सांगितलं. तिनं मान डोलावली. "कळलं, मॅडम. थँक्यू."

ती दारापर्यंत गेली आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. तू जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि मी तुझ्या पोरीला थांबवून विचारलं, "प्राची, नंदा मॅडमनी हे कसं सांगितलं असतं गं?"

ती गोंधळली. आपण काही चुकीचं बोलू की काय म्हणून चष्मा नीट केला. मग म्हणाली, "मॅडमनी सांगितलं नसतं. त्यांनी मलाच विचारलं असतं."

  मग मी फळा पुसला, सगळा, आणि खडू तिच्यापुढे धरला. म्हटलं, "मी सांगितलेलं विसर. असं दुसरं एखादं फंक्शन तू बनव बघू. एकेकट्यानं न तुटणारं, आणि दोघं मिळून तुटणारं."

"मी बनवू?"

"हो, तू."

ती फळ्याकडे गेली. काहीतरी लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. ते चुकणार हे मला पहिल्याच चिन्हावरून दिसत होतं, आणि कुठे काय बदललं की जमेल तेही दिसत होतं. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. ती परत फळ्याकडे वळली.

मी पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि तोंडावर हात ठेवला. नंदा, तू हे किती सहज करायचीस. किती कठीण असतं गं, नुसतं गप्प बसणं.